दुरुस्ती मागितली म्हणून भाडेवाढ?

पावसाळ्यात छत गळू लागते, भिंतींना ओल येते, आणि बिऱ्हाडकरू घरमालकास रीतसर पत्र लिहून दुरुस्तीची विनंती करतो. गवंडी काही येत नाही. येते ती भाडेवाढीची नोटीस. शहरातील अनेक कुटुंबांना हा अनुभव परिचयाचा आहे. खर्च वाढला म्हणून भाडे वाढविणे हा व्यवहार झाला. भाडेकरूने तोंड उघडले म्हणून ते वाढविणे ही शिक्षा होय. हा भेद कायद्याने ओळखावा की नाही, याचा विचार आता झाला पाहिजे.

भाड्याचा तंटा मुंबईस नवा नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 साली, येथे भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. पुढे 1947 च्या कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर थोपवून धरली. त्यामुळे असंख्य कामगारांचे व कारकुनांचे संसार या शहरात टिकले, हे विसरून चालणार नाही. परंतु अर्धशतक गोठलेल्या भाड्यात इमारतीची डागडुजी होत नाही, ही मालकवर्गाची तक्रारही खोटी नव्हती. भाडी अशी गोठवून ठेवणे कालौघात अवाजवी ठरले आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर 1997 मध्ये म्हटले. त्यानंतर 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 अमलात आला.

या कायद्याच्या संरक्षणाखालील जुन्या भाडेकरूची स्थिती बरीच सुरक्षित आहे. मालकास दरसाल भाड्याच्या 4 टक्के वाढ मिळते. म्हणजे 1,000 रुपयांवर 40 रुपये. कर किंवा सुधारणा यांपोटी होणारी वाढही कायद्याच्या चौकटीतच बसावी लागते. त्याहून अधिक मागणी आली, तर भाडेकरू न्यायालयाकडून प्रमाण भाडे ठरवून घेऊ शकतो. मालकाचा हेतू सूडाचा होता की लोभाचा, हे तेथे सिद्ध करावे लागत नाही. आकडा पाहिला की पुरे. पाणी किंवा वीज विनाकारण तोडण्यासही कायद्याने मनाई केली आहे. दुरुस्तीची नोटीस देऊनही मालकाने ती केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करून, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा, अशीही तरतूद आहे.

खरी अडचण आहे ती अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणाऱ्यांची. बदलीवर आलेला शिक्षक, रुग्णालयातील परिचारिका, नुकतेच लग्न झालेले जोडपे, असे कितीतरी लोक आज याच करारावर राहतात. करारात लिहिलेली रक्कम मुदतीच्या आत मालकास एकतर्फी वाढविता येत नाही, हे खरे. परंतु मुदत संपली की जागा सोडणे भाग असते, आणि नव्या कराराची रक्कम किती असावी यास कायद्याची मर्यादा नाही. म्हणून नळाची तक्रार करणाऱ्यास पुढच्या करारात तिची किंमत मोजावी लागते. मुलांची शाळा मध्येच कशी सोडवायची, या विवंचनेने तो गप्प बसतो आणि ओल वाढत जाते.

मालकाने बाजारभावाने भाडे घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. कित्येक मालक निवृत्त माणसे आहेत; घरभाड्यावरच त्यांची चूल पेटते. आमची मागणी मर्यादित आहे. लेखी तक्रारीनंतर सहा महिन्यांच्या आत भाडे अवाजवी वाढविले गेले, तर ते सूडापोटी नाही हे दाखविण्याची जबाबदारी मालकावर असावी. ही कल्पना हवेतली नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, भाडे न थकविता सद्हेतूने तक्रार करणाऱ्या भाडेकरूस 180 दिवसांच्या आत भाडेवाढीची शिक्षा करण्यास कायद्याने मनाई आहे. प्रामाणिक कारण असलेल्या मालकाची वाट तेथेही अडलेली नाही.

असा कायदा होईपर्यंत भाडेकरूंनी आपली बाजू भक्कम ठेवावी. करार लेखी व नोंदणीकृत असावा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावरच टाकली आहे. तक्रार लेखी करावी, तिची प्रत जपून ठेवावी, भाड्याची पावती मागून घ्यावी. आणि रागाच्या भरात भाडे मात्र थांबवू नये. भाडे थकविणारा आपल्याच हाताने आपला दावा लंगडा करतो.

आम्ही एके काळी वर्गात शिकवीत असू. फळ्यावर चुकलेले गणित एखादा विद्यार्थी दाखवून देई, तेव्हा राग येत नसे असे नाही. पण म्हणून त्याच्यावर छडी उगारली, तर पुढे चूक दाखवावयास कोणी उठत नाही आणि गणित चुकलेलेच राहते. शहरातील घरांचेही तसेच आहे. गळके छत दाखविणारा भाडेकरू मालकाची इमारतच वाचवीत असतो. त्याला दंड करणारी रीत शासनाने मोडून काढली पाहिजे.