शाळेचा संगणक : तयार की जुळवलेला?

शिक्षकबंधूंनो, शाळेसाठी संगणक घ्यायचा म्हटला की आपण आधी किंमत विचारतो. पण खरा प्रश्न निराळाच आहे. तो बंद पडला, तर दुरुस्त कोण करणार?

तयार संगणकाला एकाच कंपनीची हमी असते. विंडोजचा परवानाही बहुधा सोबत मिळतो. मात्र काही तयार संगणकांतला वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, खास घाटाचा असतो. तो जळाला की दुसरा सहज मिळत नाही.

जुळवलेल्या संगणकाचे तसे नाही. १९९५ साली ‘एटीएक्स’ हे माप ठरले. त्या मापाचा एसएमपीएस बाजारात कुठेही मिळतो; बिघडला तर तेवढाच बदलायचा. पण इथे हमी प्रत्येक भागाची वेगळी, म्हणून सगळ्या पावत्या जपाव्या लागतात. विंडोजचा परवानाही वेगळा घ्यायचा, नाहीतर विनामूल्य लिनक्स वापरायचे.

तेव्हा, तालुक्याला भरवशाचा कारागीर असेल तर खुशाल जुळवून घ्या. नसेल, तर शाळेत येऊन दुरुस्त करण्याची लेखी हमी असलेला तयारच बरा. आणि गावची वीज लहरी, तेव्हा यूपीएसमध्ये काटकसर नको.

कापडाखाली झाकून ठेवलेला बंद संगणक, हीच सर्वांत महाग खरेदी, बरं का!