टक्का म्हणजे पुरावा नव्हे
(यंत्र, विद्यार्थी आणि विश्वास : लेखांक ६)

एआय पुढच्या शब्दाचा अंदाज बांधत मजकूर कसा लिहितं, ते मागच्या लेखात पाहिलं. तोच अंदाज उलटा लावून 'हा निबंध यंत्राने लिहिलाय' असं सांगणारी सॉफ्टवेअरही आता आहेत. सबमिशनच्या दिवसांत त्यांच्या रिपोर्टवरून मुलांना जाब विचारला जातो, म्हणून ती कशी चालतात हे शिक्षकांना आणि पालकांना माहीत असायलाच हवं.

आपल्याकडे प्राध्यापकांना टक्क्यांची सवय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंत साधर्म्य असेल तर शिक्षा नाही. त्यापुढे चढत्या शिक्षा आहेत. मात्र साधर्म्याच्या रिपोर्टात जुळलेल्या मजकुरासोबत त्याचा मूळ स्रोत दाखवलेला असतो. तो उघडून बघता येतो, 'सर, हे अवतरण आहे, खाली संदर्भ दिलाय' असं सांगता येतं. एआय पकडणाऱ्या रिपोर्टात टक्का तसाच छापलेला असतो, पण त्याच्यामागे ताडून पाहायला काहीच नसतं.

मग तो टक्का येतो कुठून? यातली बरीच सॉफ्टवेअर वाक्यातला पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो ते मोजतात. सगळं अपेक्षेप्रमाणे येत गेलं, तर संशय यंत्रावर. पण बेतशीर शब्दसंपत्तीवर, शाळेत घोटून घेतलेल्या साच्यांवर इंग्रजी लिहिणाऱ्या मुलाचं लेखनही असंच असतं. मराठी माध्यमातून आलेली आपली कितीतरी मुलं असंच इंग्रजी लिहितात, आणि त्यात गैर काही नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे तपासून पाहिलं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी अशा सात सॉफ्टवेअरना दिले. माणसांनीच लिहिलेले हे निबंध सरासरी ६१ टक्के वेळा यंत्राचे ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे सुटले. पुढे संशोधकांनी चॅटजीपीटीकडून त्याच टोफेल निबंधांची शब्दसंपत्ती सजवून घेतली, तेव्हा चुकीच्या आरोपांचं प्रमाण १२ टक्क्यांच्या आत आलं. म्हणजे स्वतःच्या हाताने लिहिणाऱ्या मुलावर आळ, आणि यंत्राकडून भाषा रंगवून घेणारा मोकळा. हा अन्याय आहे, आणि तो नेमका कमी साधनं असलेल्या मुलांच्या वाट्याला येतो.

खुद्द ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये आणलेलं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलैतच मागे घेतलं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये टर्निटिन या साधर्म्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधली एआय-तपासणी बंद केली. त्यांचा हिशेब सरळ होता : २०२२ मध्ये ७५,००० पेपर या प्रणालीत गेले होते, चूक एक टक्का धरली, तरी सुमारे ७५० पेपरांवर खोटा ठपका आला असता.

मुलं एआयकडून लिहून घेतात, हे खरंच आहे, आणि त्याकडे काणाडोळा करून चालणार नाही. पण त्याचा शोध कामातच घ्यावा लागेल. विषय दिल्यावर आठवडाभराने टिपणं मागा, मग कच्चा खर्डा, मग पक्की प्रत. मुलांनीही खोडलेली पानं फेकू नयेत. गुगल डॉक्सवर लिहीत असाल तर तिथला बदलांचा इतिहास जपून ठेवा. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात प्रत्येकाची तोंडी घेणं सोपं नाही, हे मी जाणतो. पण संशय आलेल्या दोघा-चौघांना समोर बसवून दहा मिनिटं बोलणं कुठल्याही कॉलेजला जमण्यासारखं आहे. हा मुद्दा तुला कुठे सापडला? हेच उदाहरण का घेतलंस? आधी काय लिहिलं होतंस आणि ते का काढलंस? स्वतः लिहिणाऱ्या मुलाला या प्रश्नांवर काहीतरी सांगायचं असतं, मराठीत विचारलंत तर आणखी मोकळेपणाने. शिक्षेचा कागद निघण्याआधी हे बोलणं झालंच पाहिजे, असा नियम प्रत्येक कॉलेजने लेखी करावा.

पुढच्या आठवड्यात : एआयची किती मदत चालेल, हे शिक्षकाने प्रश्नपत्रिकेतच कसं लिहावं.