ॲम्प्युटेशन: द्राक्षमळ्यातून शस्त्रक्रियागृहात आलेला शब्द

हात किंवा पाय शस्त्रक्रियेने कापून वेगळा करणं म्हणजे ॲम्प्युटेशन, मराठीत अंगविच्छेदन. मूळ लॅटिन क्रियापद आहे 'आम्पुतारे'. त्यात 'आम्' म्हणजे भोवताली आणि 'पुतारे' म्हणजे छाटणं. रोमन शेतकरी द्राक्षवेलींच्या छाटणीसाठी हाच शब्द वापरत. जपानीत म्हणतात 'सेत्सुदान': 'सेत्सु' म्हणजे कापणं, 'दान' म्हणजे तोडणं.

टोकियोच्या इतिहासातलं एक सेत्सुदान मला फार महत्त्वाचं वाटतं. १८ ऑक्टोबर १८८९. परराष्ट्रमंत्री ओकुमा शिगेनोबू यांच्या घोडागाडीवर मंत्रालयाच्या फाटकाजवळ बाँब फेकला गेला. पाश्चात्त्य देशांशी झालेले करार बदलण्याची त्यांची योजना हल्लेखोराला मान्य नव्हती. ओकुमांचा उजवा पाय इतका चिरडला की वाचवणं अशक्य होतं. रक्तपुरवठा तुटलेलं मांस सडतं, संसर्ग शरीरभर पसरतो. म्हणून जीव राखायला अवयव काढावा लागतो. जुन्तेन्दो रुग्णालयाचे शल्यविशारद सातो सुसुमू यांनी तो पाय मांडीतून कापला.

ओकुमा थांबले नाहीत. कृत्रिम पाय लावून ते १८९८ आणि १९१४ असे दोनदा पंतप्रधान झाले. १८८२ मध्ये त्यांनी स्थापलेली संस्था म्हणजे आजचं वासेदा विद्यापीठ. तिथल्या त्यांच्या पुतळ्याच्या हातात काठी आहे. टोकियोला गेलात तर जरूर पाहा.

आणि एक विनंती. आज पाय कापावा लागण्याचं एक मोठं कारण मधुमेह आहे. घरात कुणाला मधुमेह असेल, तर त्यांचे तळवे रोज तपासा. लहानशी जखम दिसली तरी लगेच डॉक्टरांना दाखवा.

#वैद्यकशब्द #टोकियो #शब्दांचंमूळ