शिशाचे कवच काखेपाशी तोकडे!

प्रतिनिधी

मोडलेले हाड जुळविताना अस्थिशल्यविशारदाची नजर वारंवार पडद्याकडे जाते. हाडात बसविला जाणारा स्क्रू नेमका कोठे पोहोचला, हे 'सी-आर्म' नावाचे क्ष-किरण यंत्र तेथे दाखविते. रुग्णाचा या किरणांशी संबंध काही मिनिटांचा; डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांचा मात्र वर्षानुवर्षांचा. त्यांच्या रक्षणासाठी शिशाचे ॲप्रन असते. पण ते महिलांना पुरेसे आहे काय?

डॉक्टरांना मुख्य धोका असतो तो रुग्णाच्या शरीरावर आदळून विखुरणाऱ्या किरणांचा. नेहमीच्या ॲप्रनला बाह्या नसतात. हात पुढे केला, की काखेपाशी फट पडते आणि स्तनाचा वरचा, बाहेरील भाग उघडा राहतो. स्तनाच्या कर्करोगाच्या गाठी सर्वाधिक आढळतात, त्या नेमक्या याच भागात.

अमेरिकेतील महिला अस्थिशल्यविशारदांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वसाधारण महिलांच्या तुलनेत २.९ पट आढळले. डॉ. लोरेटा चाऊ व सहकाऱ्यांनी ही पाहणी केली होती. २०१६ मध्ये तेथेच मानवी धडाच्या प्रतिकृतीवर मोजमाप झाले. स्तनाच्या वरच्या बाहेरील भागाला आतील खालच्या भागापेक्षा अधिक किरण लागतात आणि यंत्र आडवे धरल्यास मात्रा वाढते, असे त्यातून दिसून आले.

अर्थात, यावरून क्ष-किरणच कारणीभूत आहेत, असे सिद्ध होत नाही. पाहणीतील रुग्णसंख्या मर्यादित होती. उशिरा होणारे मातृत्व यांसारखी इतर कारणेही संभवतात. मात्र स्तनाच्या पेशी किरणोत्सर्गाला संवेदनक्षम असतात, याबद्दल दुमत नाही. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २००७ मध्ये स्तनासाठीचा धोका-गुणांक ०.०५ वरून ०.१२ केला, तो त्यामुळेच.

आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाने अशा कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे. मात्रा मोजणारा टीएलडी बॅज छातीवर, ॲप्रनच्या आत लावला जातो. साहजिकच काखेच्या फटीतून शिरणाऱ्या किरणांची पुरेशी नोंद तो करू शकत नाही.

उपाय अवघड नाहीत. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील २०२३ च्या संपादकीयात ॲप्रनला आखूड बाह्या किंवा काख झाकणारे जोड देण्याची शिफारस करण्यात आली. अंतर दुप्पट केल्यास मात्रा सुमारे एक चतुर्थांशावर येते. यंत्र आडवे असताना किरण निघतात त्या बाजूला उभे न राहणे, हाही बिनखर्ची उपाय आहे.

अस्थिशल्यचिकित्सा ही दीर्घकाळ पुरुषांची शाखा मानली गेली; ॲप्रनही त्याच मापाने बेतले गेले. आता या शाखेत मुली येत आहेत. पुढच्या खरेदीच्या वेळी रुग्णालयांनी ॲप्रनच्या किमतीबरोबरच त्याची काखही पाहावी, एवढीच अपेक्षा.