पोट आवरून ठेवणारा अजगर

अमेरिकेत किंवा युरोपात घरी बॉल पायथन पाळणाऱ्याच्या वाट्याला हा प्रसंग बहुधा येतोच. नेमानं उंदीर गट्ट करणारा साप अचानक तोंड फिरवतो. आठवडे उलटतात. फ्रीजरमधला उंदीर कोमट करून समोर धरला तरी दोनदा जीभ लपलपवतो आणि पुन्हा वेटोळ्यात डोकं खुपसतो. मालकाची झोप उडते, साप निवांत!

घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकी देशांतला हा चार-साडेचार फुटी अजगर. वर्षाचे काही महिने न खाता काढणं त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ झाले की त्याची भूक जाते, विणीच्या हंगामात नराला अन्न सुचत नाही, आणि मादी अंड्यांना विळखा घालून दोनेक महिने बहुधा उपाशीच बसते. खरी नवलाई आहे ती त्या काळात पोटात काय चालतं त्याची.

आपलं आतडं रिकामं असलं तरी सज्ज असतं. थोड्या वेळानं जेवायचंच असतं. अजगराचं पुढचं जेवण कधी, याचा भरवसा नाही, आणि बिनकामाची पचनसंस्था पोसणं परवडत नाही. म्हणून लग्न उरकल्यावर मांडव उतरवावा तसं तो सगळं आवरून टाकतो. आतड्याचं अस्तर आक्रसतं, जठर आम्ल बनवणं थांबवतं. स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड यांनी १९९० च्या दशकात त्याच्या भाऊबंदांवर, म्हणजे बर्मी अजगरांवर प्रयोग केले. भलं मोठं भक्ष्य गिळल्यावर एक-दोन दिवसांत आतड्याचं वजन दुप्पट होतं आणि चयापचयाचा वेग चाळीस पटींच्या घरात जातो. हृदयाचा स्नायूसुद्धा दोन दिवसांत ४० टक्के वाढतो, हे २००५ मध्ये दिसलं. पचन आटोपलं की पुन्हा आवराआवर.

उपास लांबला तर? २००७ च्या एका अभ्यासात बॉल पायथनसह तीन जातींचे साप सुमारे साडेपाच महिने उपाशी ठेवले होते. काहींनी चयापचयात ७२ टक्क्यांपर्यंत घट केली. गंमत म्हणजे वजन घटत असताना त्यांची लांबी वाढतच होती. हे वाचून मी तरी दोनदा खात्री करून घेतली.

अर्थात प्रत्येक उपास असा निरुपद्रवी नसतो. पेटीत ऊब कमी असली किंवा लपायला आडोसा नसला, तरी हा बुजरा प्राणी खात नाही. धडधाकट मोठ्या सापाचं वजन फारसं हलत नसेल तर धीर धरावा. मात्र पिल्लू खात नसेल, वजन झरझर उतरत असेल, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पशुवैद्याकडेच न्यावं.

२०११ मध्ये संशोधकांनी पोटभर जेवलेल्या बर्मी अजगराच्या रक्तात हृदय वाढवणारी तीन स्निग्धाम्लं ओळखली. त्यांचं मिश्रण दिल्यावर आणखी एका प्राण्याचं हृदय निरोगीपणे वाढलं. तो प्राणी होता उंदीर.