परदेशात इंग्रजी शिकवायला निघालेली मुलगी आणि गटाचे कर्ज

मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडच्या गटांकडून आमच्याकडे एकच विचारणा फिरून फिरून येते आहे. मुलगी इंग्रजी घेऊन बी.ए., बी.एड. झाली, परदेशात शिक्षिकेची नोकरी मिळते म्हणतात, एजंटला दोन लाख भरायचे आहेत, तर गटाने कर्ज द्यावे का? मुलीने जावे की नाही हे ती आणि तिचे घर ठरवील. पण पैसा गटाचा आहे, म्हणून आज त्याबद्दल बोलू.

असे जाणे काही खोटे नाही. आखाती देशांत सीबीएसईच्या भारतीय शाळा आहेत, त्यांना बी.एड. झालेल्या इंग्रजीच्या शिक्षिका लागतात. मालदीवच्या शाळांतही भारतीय शिक्षक वर्षानुवर्षे शिकवत आले आहेत. आमच्या भवानी पेठेत विड्या वळणाऱ्या आयांच्या मुली घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि शाळेत इंग्रजी बोलत मोठ्या होतात. परकी भाषा लेकराच्या जिभेवर कशी बसते, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. तेव्हा 'आपल्या पोरींना कोण घेणार' असे कुणी म्हणू नये.

मात्र दार सगळीकडे सारखे उघडे नाही. दक्षिण कोरियात भाषाशिक्षकाचा व्हिसा साधारणपणे इंग्रजी बोलणाऱ्या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो, त्यांत भारत नाही. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे आपल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी एक अरुंद वाट आहे, एवढेच. म्हणून 'म्हणाल त्या देशात लावून देतो' असे सांगणाऱ्याचा चहासुद्धा पिऊ नका.

आता पैसे. परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. त्याचे नाव ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर शोधता येते. उमेदवाराकडून तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेऊ शकतो, आणि पावती द्यावीच लागते. मग दोन लाख कशाचे? हा प्रश्न कर्जाच्या अर्जावरच लिहून ठेवा. तिकीट, व्हिसा, वैद्यकीय तपासणी यांचे खर्च असतील तर प्रत्येकाचा आकडा वेगळा मागा. तो शाळा देणार की मुलगी, हे कागदावर असले पाहिजे.

१८८३ साली पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, तेव्हा 'स्त्रीधर्मनीति' या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी वाटखर्च उभा केला होता. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या इंग्रजी शिकत आणि संस्कृत शिकवत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तर बिशप मंडळींनी हरकत घेतली. बाईने कुणाला शिकवावे हे ठरवणारे लोक तेव्हा साहेबांतही होतेच!

कागदांकडे वळू. मुलगी दहावी पास असल्याचा पुरावा दिला की तिच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का पडत नाही. लोकांना यात फक्त सोय दिसते. पण दुसरी बाजू पाहा. ईसीआर पासपोर्टवर आखातात कामाला जाणाऱ्याला उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी लागते, तिथे नोकरीचा करार सरकारी नजरेखालून जातो. आपल्या शिक्षिकेला ती मंजुरी लागत नाही, म्हणजे तिचा करार कुणीच तपासत नाही. शिकलेली आहे, वाचून घेईल, असे धरलेले असते. म्हणून तो करार गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचा. मराठीत अर्थ लावत दोन बैठका गेल्या तरी चालतील. पगार कोणत्या चलनात, राहायला खोली कुणाची, उन्हाळी सुट्टीचा पगार मिळतो का, वर्ष पुरे व्हायच्या आत नोकरी सोडली तर दंड किती, हे सगळे त्यात सापडले पाहिजे. पासपोर्ट शाळा ठेवून घेणार असे लिहिले असेल तर तिथेच थांबा.

पदवीच्या कागदांवर आधी राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का घ्यावा लागतो. ओमान, बहारीनसारख्या देशांना मंत्रालयाचा अपोस्टिल पुरतो. संयुक्त अरब अमिरातीसाठी त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये झाले, त्याआधीची पदवी असेल तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाकडे जावे लागेल. आणि आपल्या बायकांची नेहमीची अडचण म्हणजे गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे. हा मेळ घालण्यात महिने जातात, तेव्हा सुरुवात तिथून करा.

व्हिसा नोकरीचाच हवा. 'आधी टुरिस्ट व्हिसावर चला, तिकडे बदलून घेऊ' हे वाक्य ऐकले की कर्ज नामंजूर करा. थायलंडमध्ये नोकरी देतो सांगून नेलेली शिकली-सवरलेली भारतीय मुले म्यानमारमध्ये डांबून ठेवली गेली, त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करून घेतली गेली. २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. शंका आली तर १८०० ११ ३०९० या सरकारी मोफत क्रमांकावर विचारा.

एवढे सगळे जुळले, तर कर्ज जरूर द्या. पहिला पगार हातात यायला वेळ लागतो, म्हणून हप्ता तिसऱ्या महिन्यापासून धरा. जाण्याआधी तिला बँकेत घेऊन जा. परदेशी राहायला गेल्यावर साधे बचत खाते चालत नाही, ते एनआरओ करून घ्यावे लागते. तिकडून पैसे पाठवायला एनआरई खातेही उघडता येते. खाते तिच्याच नावावर ठेवा, भावाच्या नाही.