बोट सुनेकडेच का?

लहान लेकराला कर्करोग झाला की घरात औषधाच्या आधी दोषाची चर्चा सुरू होते. आर्वी-आष्टीकडचे खेडे असो की हिंगणघाटसारखे शहर, बोट बहुधा सुनेकडे वळते. तिने गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, नको ते खाल्ले, तिच्या माहेरीच असले काही असेल! पोराचे दुखणे आणि हे टोमणे, दोन्ही ती माउली सोसते.

वर्धा जिल्ह्यातील कर्करोगाच्या नोंदी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत ठेवल्या जातात. आपल्या विदर्भात तंबाखू-खर्ऱ्याने पोखरलेल्या तोंडांना तोटा नाही. पण तीन वर्षांच्या पोराने कुठला खर्रा खाल्ला होता?

याचे उत्तर पेशीत आहे. पेशी विभागताना तिला ४६ गुणसूत्रांची नक्कल करून ती दोन वाट्यांत बिनचूक घालावी लागतात. भावांच्या वाटण्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे काम किती अवघड ते सांगायला नको. कधी जनुकातले एखादे अक्षर चुकते, हे उत्परिवर्तन. कधी गुणसूत्राचा तुकडा तुटून दुसऱ्याला चिकटतो, कधी अख्खे गुणसूत्रच हरवते. काही पेशींत हा घोळ प्रत्येक विभाजनागणिक वाढत जातो. यालाच गुणसूत्रांचे अस्थैर्य म्हणतात.

मुलांत सर्वांत जास्त आढळतो तो रक्ताचा कर्करोग. त्याच्या एका नेहमीच्या प्रकारात १२ व्या आणि २१ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते, आणि ती पुष्कळदा मूल पोटात असतानाच होते. तरीही अशी अदलाबदल घेऊन जन्मलेल्या बहुतेक मुलांना हा रोग कधीच होत नाही. त्यासाठी पुढे आणखी बिघाड व्हावा लागतो. दुसऱ्या एका प्रकारात पेशीत पन्नासाहून अधिक गुणसूत्रे गोळा होतात. ऐकून छातीत धस्स होते, पण ही मुले सहसा औषधांना चांगली दाद देतात!

दोषाच्या प्रश्नाचा खरा निवाडा मात्र डोळ्याच्या कर्करोगाने केला. रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा रोग बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. अमेरिकेतील डॉ. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये ४८ रुग्णांच्या नोंदी तपासून एक तर्क मांडला. पेशीला आवर घालणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. दोन्ही निकामी झाल्या तरच गाठ होते. पुढे हे जनुक १३ व्या गुणसूत्रावर सापडले आणि तर्क खरा ठरला. काही मुलांत पहिली प्रत जन्मापासूनच बिघडलेली असते. मग एखाद्या पेशीने चांगली प्रत असलेले गुणसूत्र विभाजनात गमावले, की तेवढ्यानेही काम बिघडते. बहुसंख्य मुलांत मात्र दोन्ही बिघाड एकाच डोळ्यातल्या एका पेशीत होतात. तिथे ना माहेरचा संबंध, ना सासरचा.

आणि जन्मजात बिघाडाचे काय? तो पुष्कळदा घराण्यात कुणालाच नसतो, नव्यानेच उपजतो. असा नवा बिघाड बहुतांशी बापाकडून आलेल्या गुणसूत्रावर आढळतो. सासूबाईंनी हे जरूर वाचावे. अर्थात म्हणून लेकाला बोल लावण्याचे कारण नाही. शुक्रपेशी घडताना होणाऱ्या नकलेवर कुणाचा ताबा चालतो?

आनुवंशिकतेची चौकशी करायची ती वेगळ्या कारणासाठी. दोन्ही डोळ्यांना रोग असेल तर तो बिघाड जन्मजातच समजतात, आणि अशा रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे धाकट्या भावंडांचे डोळे जन्मल्यापासूनच बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासून घ्यावे लागतात.

बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसणे, फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा येणे, नव्याने तिरळेपणा येणे, ही लक्षणे पुष्कळदा घरच्यांनाच आधी दिसतात. "मोठं झालं की जाईल" म्हणून थांबू नये. त्याच आठवड्यात सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयातील नेत्रविभाग गाठावा. लवकर सापडला तर हा रोग बहुतेकदा बरा होतो, आणि पुष्कळदा डोळाही वाचतो.